धाकटीने विचारलंय...

"अहो, ऐकलंत का? इथे रेकॉर्डिंग कोण करतं?"

टेबलाखालून दोन पाय बाहेर आले होते. पायमोजे वेगवेगळ्या रंगांचे. पायांनी काही उत्तर दिलं नाही. चिऊ जरा खाकरली आणि पुन्हा विचारू लागली, तोच खालून आवाज आला, "शूऽऽ!"

चिऊला असं कोणी गप्प केलं नव्हतं. कॉलेजात ती केमिस्ट्रीची मॅडम होती. गप्प करणं हे तिचं काम. ती तशीच दारात उभी राहिली. अंगात ओला रेनकोट, हातात पुस्तक, चेहऱ्यावर राग.

थोड्या वेळाने पायांचा मालक बाहेर आला. केसांत जळमटं, हातात वायर.

"कुठेतरी गुणगुण येतेय. बाटलीत माशी अडकल्यासारखी. तुम्हाला येतेय ऐकू?"

"नाही."

"नशीबवान आहात," तो म्हणाला आणि पुन्हा टेबलाखाली गेला.

या माणसाला तिथे सगळे कानसेन म्हणत. ज्यांना दिसत नाही अशा मुलांसाठी ही संस्था पाठ्यपुस्तकं बोलून रेकॉर्ड करायची. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पत्र्याखाली एक खोली, खोलीला मधोमध काच. काचेच्या एका बाजूला बोलणारा, दुसऱ्या बाजूला कानसेन. केमिस्ट्रीचं पुस्तक खरं तर चिऊच्या मोठ्या सरांनी बोलायचं होतं, पण त्यांचा घसा बसला. "तू जा, तुझा आवाज गोड आहे," असं म्हणून त्यांनी तिला पुढे केलं. गोड आवाजाशी त्याचा काही संबंध नव्हता. बाकी कोणी सापडलं नव्हतं, एवढंच.

"रेनकोट बाहेर काढून ठेवा," कानसेन म्हणाला. "फार बडबडतो तो."

ती आत बसली. कानांवर हेडफोन चढवले. आणि अगदी कानाच्या पाळीशी कोणीतरी म्हणालं, "मॅडम, येतोय आवाज?"

चिऊ दचकून मागे वळली. मागे भिंत होती. काचेपलीकडे तो बटण दाबून हसत होता.

"येतोय," ती म्हणाली. आणि उगीचच केस नीट केले.

पहिला दिवस वाया गेला. तिने धडा वाचायला घेतला आणि तो घडाघडा वाचत सुटली. तो मध्येच थांबवायचा.

"मॅडम, हे कोणाला सांगताय?"

"कोणाला म्हणजे? सगळ्यांना."

"सगळे कुठे आहेत? इथे तर कोणी दिसत नाही. एकीलाच सांगा ना... माझ्या धाकटीला सांगा."

धाकटी म्हणजे त्याची बहीण. जन्मापासून दिसत नव्हतं, पण हट्ट सायन्सचाच. शाळेत सगळ्यांनी समजावलं, गाणं शिक, भाषा शिक, हे आकृत्यांचं खूळ कशाला? ती बधली नाही. आता तिची कॉलेजची परीक्षा तोंडावर आली होती, आणि त्या पुस्तकातला एक धडा तिला कोणीही नीट सांगू शकलं नव्हतं.

"कुठला धडा?"

"तो... लायसिन, आर्जिनिन आणि आणखी कोण ते तिसरं."

"हिस्टिडिन."

"हां, तेच. आडनावं वाटतात नाही? एकाच चाळीतली."

चिऊला हसू आलं. पण तो धडा उघडून बसल्यावर ते पळालं. वर्गात हा धडा म्हणजे तिच्या डाव्या हाताचा मळ होता. फळ्यावर तीन आकृत्या काढायच्या, इथून तिथे बाण मारायचे, "कळलं?" म्हणायचं. माना डोलायच्या. इथे फळा नव्हता. डोलणारी मानही नव्हती. बाण आवाजात कसा काढायचा?

घरी गेल्यावर तिने आईला धरलं. आई कपडे शिवायची. चार लोकांचे कपडे नीट बसावेत हाच तिचा ध्यास.

"आई, डोळे मीट."

"सुई आहे हातात, बाई."

"सुई ठेव आणि मीट. ऐक. तीन अमिनो आम्लं आहेत. तिघांच्याही शेपटाच्या टोकाला नायट्रोजन आहे, आणि तिघंही प्रोटॉन पकडतात. प्रोटॉन म्हणजे इवलासा कण, पण आला की भार घेऊन येतो. आता एखादं आम्ल प्रोटॉन पटकन सोडून देतं, म्हणजे ते जास्त तीव्र. दुसरं सोडतच नाही. का?"

"हात दुखला असेल," आई डोळे मिटूनच म्हणाली.

चिऊ तिच्याकडे बघत राहिली. मग तिने आईचा गालगुच्चा घेतला आणि पेन शोधायला पळाली.

दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक बंद केलं आणि काचेकडे बघून बोलायला सुरुवात केली.

"लायसिनच्या टोकाला एकच नायट्रोजन आहे. तू एकटी बाजारातून जड पिशवी घेऊन येतेयस असं समज. निभावतेस, पण भार सगळा तुझ्याच हातावर. आर्जिनिनच्या टोकाला एका कार्बनभोवती तीन नायट्रोजन उभे आहेत. तीच पिशवी आता तिघींनी मिळून धरलीय. कोणा एकीच्या हाताला कळ लागत नाही, मग खाली ठेवायची घाई कोणाला? म्हणून आर्जिनिन प्रोटॉन सहजासहजी सोडत नाही. लायसिन त्याच्या आधी सोडतं. आणि हिस्टिडिन... ते तर सगळ्यांत आधी."

ती थांबली. कानात काहीच आवाज नाही. फक्त तिचाच हलका श्वास. काचेपलीकडे त्याने हनुवटी हातांवर टेकली होती आणि बटण दाबायचं विसरून तो नुसता बघत होता.

"झालं का बरोबर?" तिने विचारलं.

तो भानावर आला. "हो... म्हणजे, मला कळलं. आणि मला कळलं म्हणजे बघा. शाळेत केमिस्ट्रीच्या पेपरात मी नाव तेवढं बरोबर लिहायचो."

पुढचं वाक्य सुरू करणार तोच पत्र्यावर पाऊस कोसळला. त्या दिवसांत तो रोजच येई, कधीही, न सांगता. पत्र्यावर असा ताशा वाजू लागला की रेकॉर्डिंग बंद. मग दोघंही बाहेरच्या अरुंद गॅलरीत चहाचे कप घेऊन उभी राहत. पन्हळीतून पाणी पडायचं, खालच्या रस्त्यावर छत्र्यांची दाटी व्हायची, आणि त्याला प्रत्येक पावसाचा आवाज वेगळा ऐकू यायचा.

"हा पाच मिनिटांत थांबेल," तो म्हणायचा.

"कशावरून?"

"दमलाय. ऐका ना."

आणि पाऊस अर्धा तास धो-धो पडत राहायचा.

"काय हो कानसेन? दमला ना?"

"तुम्ही बाहेर आलात, त्याला हुरूप आला," तो कपात बघत म्हणायचा. चिऊ पावसाकडे बघायची. कान मात्र गरम झालेले असायचे.

आठवडाभरात फोन आला. "मॅडम, येऊ शकाल का? धाकटीने विचारलंय..."

"काय विचारलंय?"

"थांबा, तिने पाठ करून घेतलंय माझ्याकडून. ती म्हणते, हिस्टिडिनच्या टोकाला अणूंचं कडं आहे, त्यात दोन नायट्रोजन आहेत. दोघांनी पिशवी धरली तर ती एकट्या लायसिनपेक्षा हलकी लागायला हवी. मग हिस्टिडिन लायसिनच्या आधी का सोडतं? आणि ती असंही म्हणाली की... सांगू का?"

"सांगा."

"'मॅडमनी इथे घाईत उरकलंय.'"

मुलीने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. वर्गात इतकी वर्षं कोणी हे विचारलं नव्हतं, आणि कोणी विचारत नाही म्हणून तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. दोन दिवस ती पुस्तकं उपसत बसली. जेवताना आईने मीठ मागितलं तर हिने लोणचं पुढे केलं. आणि अचानक, भांडी घासता घासता, तिला सांगायची वाट सापडली.

"धाकटे," ती माइकपुढे म्हणाली, "तुझं खरं आहे, मी घाई केली. भार वाटून घेणं नंतरचं. आधी पिशवी घ्यायला हात पुढे करावा लागतो. नायट्रोजनचा हात म्हणजे त्याच्याकडची इलेक्ट्रॉनची जोडी. लायसिन हात लांब करून उभं असतं. हिस्टिडिनच्या कड्यात एका नायट्रोजनचा हात कडं सांभाळण्यातच गुंतलाय. दुसऱ्याचा मोकळा आहे, पण तो आखडून, छातीशी धरलेला. शिवाय ते कडं प्रोटॉन नसतानाही आपल्या जागी सुखात असतं. आला तर ये म्हणतं, निघाला तर जा म्हणतं. त्यामुळे शरीरात जिथे प्रोटॉनची देवघेव करायची असते, तिथे हिस्टिडिनलाच बोलावतात."

कानात खरखर झाली. "मॅडम, मग आर्जिनिनचा हात लांब असतो का?"

"नाही, तोही आखडलेलाच. पण तिथे प्रोटॉन आला की तिघांची अशी काही सोय लागते, की आधी हात आखडला होता हे कोणाच्या लक्षातसुद्धा राहत नाही."

"हं," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "छान असतं आर्जिनिनचं."

त्यानंतर धाकटीच्या प्रश्नांना ऊत आला. धाकटीने विचारलंय, कडं म्हणजे बांगडीसारखं की चपटं? धाकटी म्हणते, ते तिघांचं वाक्य जरा सावकाश हवं. धाकटीला 'नायट्रोजन' शब्द नीट ऐकू आला नाही. चिऊ प्रत्येक वेळी जायची. पर्समध्ये आता छोटी कंगवी असायची. कॉलेज सुटलं की पाय आपोआप वाचनालयाकडे वळायचे, आणि जिना चढताना छाती धडधडायची. जिना काही इतका उंच नव्हता.

काचेमागे तो असला की तिचा आवाज हळू होई. तो मान किंचित कलती करून ऐकायचा, डोळे अर्धे मिटून, जणू तिच्या आवाजाची ऊब घेत. एकदा तिला ठसका लागला, तर तो पाण्याचा पेला घेऊन आत आला. पेला देताना बोटाला बोट लागलं. दोघांनीही "सॉरी" म्हटलं. मग दोघंही हसली.

अशातच तो मेल आला. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत तिला संशोधनासाठी जागा मिळाली होती. कॉलेजात नोकरी लागायच्याही आधीपासून तिने हे स्वप्न उराशी बाळगलं होतं. आईने आनंदाने शेजाऱ्यांची दारं वाजवली. चिऊही हसली, नाचली... आणि संध्याकाळी गॅलरीत पावसाकडे बघत तिने त्याला सांगितलं.

"दोन वर्षं?" त्याने विचारलं.

"दोन. जास्तही लागतील."

पत्र्यावरचा पाऊस मोठा झाला. तो काहीतरी म्हणेल म्हणून ती थांबली. चहा गार झाला.

"अभिनंदन," तो म्हणाला. "मनापासून." आणि आत जाऊन मशीनची बटणं पुसू लागला. ती बटणं स्वच्छच होती.

त्या दिवसापासून धाकटीला सगळं कळू लागलं. एकही प्रश्न आला नाही. शेवटचा धडा रेकॉर्ड झाला, तेव्हा तो उठून उभा राहिला, नमस्कार केला, म्हणाला, "संस्थेतर्फे आभार, मॅडम." संस्थेतर्फे! चिऊला वाटलं, हातातलं पुस्तक फेकून मारावं.

मग नुसती वाट बघणं. फोन वाजला की ती धावायची. फोन व्हिसावाल्यांचा, सरांचा, मामीचा. वाचनालयावरून जाताना मान वर करायची नाही असं ठरवून ती वर बघायची. गॅलरीत दोन कप पालथे घातलेले दिसायचे. घरी बॅगा भरायला काढल्या होत्या, आई तिच्यासाठी जाड कोट शिवत होती, आणि चिऊ बाहीत हात घालून तशीच उभी राहायची.

"कुठे हरवलीस गं?" आई तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाली.

"कुठे नाही."

"बरं," आई म्हणाली. "कुठे नाही त्याचं नाव काय?"

चिऊने बाहीतून हात काढला आणि आतल्या खोलीत निघून गेली.

जायला आठवडा उरला असताना एक मुलगी कॉलेजच्या लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. हातात पांढरी काठी, दोन वेण्या, चेहराभर हसू.

"इथे ॲसिटोन सांडलंय कोणीतरी," ती म्हणाली. "मॅडम आहेत का?"

"मीच. तू कोण गं?"

"अय्या, तुमचा आवाज! मी धाकटी."

चिऊने हातातली परीक्षानळी स्टँडवर ठेवली आणि धावत जाऊन तिचे दोन्ही हात धरले. परीक्षा झाली होती. हिस्टिडिनवर प्रश्न आला होता, आणि धाकटीने लेखनिकाला सांगताना त्यालाही समजावून टाकलं होतं.

"तुझ्यामुळे मला पुन्हा शिकावं लागलं," चिऊ म्हणाली. "काय एकेक प्रश्न विचारायचीस!"

"मी?" धाकटी थबकली. "मी एकच विचारला होता. दोघांनी पिशवी धरली तर, तो."

"आणि कडं चपटं असतं का? आणि वाक्य सावकाश हवं?"

"इश्श! कड्याचा तर मी तारेचा नमुनाच केलाय. सावकाश कशाला हवं? मी दुप्पट वेगाने ऐकते." मग ती खुदकन हसली. "हा दादा ना... घरी तुमचा धडा इतक्या वेळा लावतो की आमच्या आईलाही आर्जिनिन पाठ झालंय."

लॅबमधला नळ ठिबकत होता.

"एक सांगू, ताई?" धाकटीने मॅडम सोडून दिलं होतं. "पहिले धडे तुम्ही मला सांगत होतात. छान सांगत होतात. पण पुढे पुढे तुमचा आवाज बदलला. शब्द माझ्यासाठी होते, आवाज दुसऱ्याच कोणासाठी. मला ऐकू येतं हो. आणि त्याला कानसेन म्हणतात!"

चिऊने तिला रिक्षात बसवून दिलं. त्यानंतर लॅब बंद केली की उघडीच राहिली, तिला आठवलं नाही. पाऊस नव्हता. रस्ते कोरडे होते, ऊन तिरपं झालं होतं, आणि ती वाचनालयाचा जिना धापा टाकत चढली.

तो एकटाच होता. वायरींची वेटोळी करत होता. तिला बघून उभा राहिला.

"मॅडम? काही राहिलं का?"

"हो. धाकटी आली होती."

त्याच्या हातातली वायर सुटली आणि सगळं वेटोळं उलगडत गेलं.

"एकच प्रश्न विचारला होता म्हणे तिने," चिऊ म्हणाली.

"मॅडम, मी..."

"आणि तो 'नायट्रोजन' ऐकू आला नाही, तो कोणाला?"

"मला," तो पडलेल्या आवाजात म्हणाला. "म्हणजे... ऐकू आला होता. पुन्हा ऐकायचा होता."

ती हसेल असं त्याला वाटलं असावं. पण तिचे डोळे भरून आले होते.

"मग पुढे का नाही विचारलंत? मी जाणार म्हटल्यावर सगळं कळायला लागलं? रोज फोनकडे बघत होते मी. रोज! संस्थेतर्फे आभार म्हणे!"

"तुम्ही इतकी वर्षं वाट बघितलीय त्या जागेची," तो म्हणाला. "मी एक शब्द जरी बोललो असतो आणि तुम्ही थांबला असतात, तर? उद्या तुम्ही इथेच वर्गात फळ्यावर बाण काढत उभ्या असतात, आणि मी रोज बघत राहिलो असतो की ही बाई माझ्यापायी इथे अडकली. मला तुम्हाला अडकवायचं नव्हतं."

"मी थांबले नसते!" चिऊ म्हणाली. "कोण समजता स्वतःला? मी जाणार होते, जाणारच आहे. पण मला कोणी थांब म्हणालं असतं, तर मी जाताना कोणाची तरी म्हणून गेले असते. आता नुसतीच चाललेय. आईचा कोट घेऊन." तिने मनगटाने डोळे पुसले. "विचारा तरी! मी नाही म्हणेन. पण विचारा."

खोलीत अगदी शांत झालं. टेबलाखालची ती गुणगुण, तो कधीपासून शोधत होता ती, आता तिलाही ऐकू येते असं वाटलं. की ते तिचंच रक्त होतं, कोण जाणे. तो टेबलाला वळसा घालून आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मध्ये काच नव्हती, कप नव्हता, पेला नव्हता. त्याने तिचा हात हातात घेतला.

"थांब," तो म्हणाला.

किती साधा शब्द! पण आजवर तो तिला अहो-जाहो सोडून बोलला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. हसत होती आणि रडतही होती.

"मग ये. परत ये."

"येईन."

"दोन वर्षांनी?"

"दोन वर्षांनी. जास्त लागली तर तू ये." तोही शब्द तिच्या तोंडून प्रथमच निसटला. तिने जीभ चावली. त्याने मात्र नेहमीसारखी मान किंचित कलती केली, डोळे मिटले, आणि म्हणाला, "पुन्हा म्हण."

"येडा," ती म्हणाली. "तू. तू. तू."

ती गेली तेव्हा सगळे विमानतळावर पोचवायला आले होते. दोन्ही आया बाकावर बसून कोटाच्या अस्तराविषयी बोलत होत्या, वर्षानुवर्षांची ओळख असल्यासारख्या. धाकटी प्रत्येक सूचना कान देऊन ऐकत होती आणि बाकीच्यांना सांगत होती. तो बॅग ढकलत शेवटच्या दांडीपर्यंत आला. पुढे जायची परवानगी नव्हती. तिथे त्याने बॅग तिच्याकडे दिली. तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण उगीचच लावलं. त्याने ते लावू दिलं.

मग ती वळली आणि रांगेत शिरली. जाड कोटात तिला भयंकर उकडत होतं, तरी तिने तो काढला नाही. आत गेल्यावर ती एकदा मागे वळली. गर्दीत त्याचं डोकं दिसलं, हात वर केलेला. मध्ये कोणीतरी उंच माणूस आला, आणि तो उंच माणूस बाजूला झाला तेव्हा दांडीपाशी दुसरीच माणसं उभी होती. चिऊ तिथेच थांबून त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली, मागचे लोक "पुढे व्हा हो" म्हणेपर्यंत. मग ती पुढे झाली.